गरुड, ससाणा आणि सासूबाई

माझ्या सासूबाई माझ्या घरी राहतात, आणि त्यांनी कायम माझ्याच घरी राहावं म्हणून मी जो उद्योग केला त्याबद्दल आमच्या ऑफिसात अजून कुजबुज चालते. जावयानं सासूला ठेवून घेण्यासाठी जिवाचा आटापिटा करावा हे तिथल्या लोकांच्या पचनी पडत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांचा आटापिटा उलट दिशेनं चाललेला असतो. ते जाऊ द्या. मी पाणीपुरवठा खात्यात मुख्य आरेखक आहे, म्हणजे शहराच्या पोटातून जाणारे सगळे पाइप कागदावर मी काढतो, आणि माझी एकही रेघ आजवर वाकडी गेलेली नाही. जमिनीत पाइप वाकडे गेले असतील, पण तो खोदणाऱ्यांचा प्रश्न आहे. सांगायचा मुद्दा इतकाच, की मी मोजूनमापून वागणारा माणूस आहे.

सासूबाईंचं आणि माझं जमण्याचं कारण साधं आहे. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं या जगात दुसरं कोणी नाही. मोठ्या पाइपाला लहान पाइप जोडताना तो सांधा कागदावर कसा दाखवतात, हे मी नव्या नवलाईत बायकोला सांगायला लागलो तेव्हा तिला बसल्या बसल्या झोप लागली होती. सासूबाईंनी मात्र सगळं ऐकलं आणि वर विचारलं, "मग तिथून पाणी नाही का गळत?" इतका नेमका प्रश्न मला आमच्या मुख्य अभियंत्यांनीही कधी विचारलेला नाही. अशा बाईसाठी माणूस काहीही करील.

त्यांच्यात खोड एकच. त्यांना कुठलीही वस्तू जागच्या जागी बघवत नाही. काल बैठकीच्या खोलीत असलेली तिवई आज न्हाणीघराच्या दाराशी सापडते. फुलदाणी फ्रिजवर चढते, फ्रिजवरचा रेडिओ पुस्तकांच्या फळीवर जातो आणि पुस्तकं, का कोण जाणे, शिलाई मशीनखाली जातात. "जागा बदलली की खोली ताजी वाटते," असं त्यांचं म्हणणं. मी पडलो आरेखक. वस्तूची जागा एकदा ठरली की ती कायमची ठरली, या एका तत्त्वावर माझा पगार चालतो. माझी आरामखुर्ची तर घरभर इतकी हिंडलेली आहे, की संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी चपला काढता काढता "आज कुठे?" एवढंच विचारतो.

तर या सासूबाईंना गेल्या थंडीत धाप लागायला लागली. डॉक्टर घरी आले, त्यांनी छाती तपासली, खोलीभर नजर फिरवली आणि मग बाल्कनीचं दार उघडलं. बाल्कनीत कबुतरं होती. कठड्यावर होती, कुंड्यांत होती, एसीच्या डब्यावर होती, आणि एक तर वाळत घातलेल्या माझ्या बनियनच्या खांद्यावर बसलं होतं. डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "यांची पिसं आणि घाण छातीत जाते आहे. एक तर कबुतरं तरी जातील, नाहीतर आजींना तरी जावं लागेल," ते म्हणाले. "महिनाभरानं मी परत येतो. तेव्हा काय ते ठरवू."

डॉक्टर जिना उतरले नसतील तोवर साडूभाऊंचा फोन आला. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच, धिप्पाड, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. समुद्रकाठी त्यांचा बंगला आहे आणि फायबरचा कारखाना आहे. होड्या, घसरगुंड्या, बागेत ठेवायचे हत्ती, सगळं तिथे साच्यातून निघतं. बंगल्याची सजावट त्यांनी खास माणूस बोलावून करून घेतली आहे. सोफे भिंतीत, कपाटं भिंतीत, दिवे छतात, आणि कोचावरची एक उशी जरी तिरकी झाली तरी माझी मेहुणी ती सरळ करेपर्यंत बोलणं थांबवते.

"आईंना इकडे पाठवून द्या," साडूभाऊ म्हणाले. "मोकळी हवा आहे, समुद्र आहे. तुमच्या त्या काडेपेटीत त्यांचा जीव गुदमरणार नाही तर काय?"

आमचा फ्लॅट लहान आहे हे मला मान्य आहे. त्याचा नकाशा मी स्वतः काढून भिंतीवर लावला आहे, त्यामुळे तो नेमका किती लहान आहे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. पण काडेपेटी? मी फोन सासूबाईंकडे दिला. त्यांनी सगळं ऐकलं आणि "बघू" म्हणाल्या. सासूबाई कोणाला नाही म्हणत नाहीत, त्यामुळे त्यांच्या "बघू"चा अर्थ लावणं फार अवघड जातं. दुसऱ्या दिवशी त्यांची कपाटावरची प्रवासी बॅग खाली उतरून पलंगाखाली आलेली मला दिसली. नुसती जागा बदलली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती रिकामी आहे ना, हे वाकून बघितलंच.

आता कबुतरं घालवायची. जिन्यात मी हा विषय काढला मात्र, अख्खी बिल्डिंग तज्ज्ञ निघाली. बहुतेकांचं म्हणणं, जाळी लावा. सासूबाईंनी ते एका वाक्यात निकालात काढलं. "म्हणजे कबुतरं बाहेर मोकळी आणि मी जाळीत?" समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिकाबाईंनी जुन्या सीडी दोरीला टांगायला सांगितल्या. कबुतरांनी त्यांत स्वतःला पाहिलं, त्यांना आपलं रूप आवडलं आणि ती नातेवाइकांना घेऊन आली. तळमजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी रबरी साप दिला. एका मादीनं तो घरट्याच्या कडेनं गोल बसवून घेतला. फौजदार म्हणाले, "साप चांगला आहे, तुम्ही त्याला धाक नीट दिला नसेल." दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लवंगेचं तेल शिंपडायला सांगितलं. कबुतरांना त्याचं काही वाटलं नाही. आम्हाला मात्र पुढचे कित्येक दिवस कोणीतरी आपली दाढ उपटायला टपून बसलंय असं वाटत राहिलं.

हे सगळं माझ्या बायकोनं बहिणीला सांगितलं आणि बहिणीनं नवऱ्याला. लगेच फोन. "कबुतरंच ना? मी घालवतो. आणि नाही गेली, तर गाडी घेऊन येतो आणि आईंना नेतो." आणि त्याच आठवड्यात आमच्या फाटकाशी एक ट्रक उभा राहिला. ट्रकात गरुड होता.

कुठल्याशा हॉटेलानं तो दारावर बसवण्यासाठी करून घेतला होता, आणि उघडण्याआधीच ते हॉटेल बंद पडलं होतं. समुद्रगरुड. पांढरं पोट, राखी पंख, पिवळे पाय, आणि पंजात फायबरचा मासा. माशाचे खवलेसुद्धा काढलेले होते. साडूभाऊंच्या कारखान्यात तपशिलाला कमी करत नाहीत, हे मला मान्य करावं लागेल. पंख वेगळे निघत होते म्हणून ठीक, पण धड काही लिफ्टमध्ये मावेना. मग हमालांनी ते जिन्यानं चढवलं. प्रत्येक मजल्यावर वळताना चोच कोणाच्या तरी दारात शिरत होती आणि फौजदार खाली उभे राहून रहदारीचे हात करत होते. शिक्षिकाबाईंच्या घरात ती इतकी आत गेली की त्यांना आपला चहाचा कप उचलून घ्यावा लागला. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला एक चौथरा बांधून, दोराच्या वेढ्यांनी आणि नटबोल्टांनी गरुड पक्का करण्यात आला.

दिसायला तो भव्यच होता. टपालवाला आमच्या बिल्डिंगला गरुडाची बिल्डिंग म्हणायला लागला. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला "तुमचे साडू म्हणजे मोठा माणूस" असं सांगून जायला लागला, आणि मी "हो, आहेतच" म्हणत माझ्या काडेपेटीत शिरायला लागलो. पहिल्या दिवशी कबुतरं खरोखरच पळाली. दुसऱ्या दिवशी ती घिरट्या घालायला लागली. त्यानंतर एकानं धीर केला आणि ते माशावर बसलं. आठवडा संपेपर्यंत गरुडाच्या दोन्ही पंखांखाली त्यांची वसाहत झाली होती. आत सावली होती, वारा लागत नव्हता, आणि घरमालक एका शब्दानं काही बोलत नव्हता. आमच्या बाल्कनीतली कबुतरंही होती तिथेच राहिली.

एवढ्यावर भागलं नाही. सोसायटीला वॉर्ड ऑफिसची नोटीस आली: गच्चीवर विनापरवाना पुतळा उभारल्याबद्दल खुलासा करावा. आमच्या सेक्रेटरींना आम्ही त्यांच्या माघारी पोटनियम म्हणतो. त्यांनी ती नोटीस माझ्या हातात ठेवली. "पक्षी तुमच्या नात्यातला आहे," ते म्हणाले, "तुम्हीच जा."

वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "पुतळा कोणाचा?"

"गरुडाचा."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण नाव नाही. तो पक्षी आहे."

"हयात आहे का?"

"फायबरचा आहे."

"म्हणजे हयात नाही," असं म्हणून त्यानं तसं लिहिलं. "मग मृत्यूचा दाखला जोडावा लागेल. हयात असताना पुतळा उभारता येत नाही. नियम आहे."

मी घसा साफ केला आणि शांतपणे म्हणालो, "साहेब, मीसुद्धा सरकारी नोकर आहे."

"मग तुम्हाला तर कळायला हवं," तो म्हणाला. "आमचा माणूस येऊन जागेची पाहणी करील. तोवर पुतळा हलवू नका."

इतकी वर्षं मी टेबलाच्या अलीकडे बसत आलो. पलीकडची खुर्ची इतकी टणक असते याची मला कल्पना नव्हती. अपमान गिळून मी बाहेर पडलो आणि घरी न जाता थेट वाचनालयात गेलो. गरुड फसला तो का फसला, हे मला शास्त्रशुद्ध समजून घ्यायचं होतं. पक्ष्यांवरचं तिथलं सगळ्यात जाड पुस्तक काढून मी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासूबाईंना सगळं सांगितलं.

"आई, समुद्रगरुड पंख पसरतो तेव्हा माणसाच्या उंचीपेक्षा जास्त रुंद होतो. पण राहतो कुठे, तर समुद्राकाठी, खाडीकाठी. उंच झाडावर घरटं करतो आणि खातो मासे नाहीतर पाणसाप. आपल्या कबुतरांच्या सात पिढ्यांत कोणी त्याला पाहिलेला नाही."

"मग त्यांनी त्याला का भ्यावं?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर. आता ससाणा घ्या. आकारानं कावळ्याहून जरासा मोठा. पण राहतो उंच कड्यांवर. शहरात आला तर उंच इमारतींवर बसतो. आणि वरून सूर मारून उडतं कबुतर हवेतल्या हवेत धरतो. कबुतर नुसतं त्याच्या आकृतीला भितं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे आपल्याला मोठा नको," त्या म्हणाल्या. "त्यांच्या ओळखीचा हवा."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला पेनच काढावंसं वाटलं. त्याच दिवशी मी दोन्ही पक्ष्यांचा तुलनात्मक तक्ता करायला घेतला. तो तक्ता माझ्या आयुष्यातलं एक उत्तम काम आहे, असं मी आजही म्हणतो. डावीकडे समुद्रगरुड, उजवीकडे ससाणा. गालावरचे काळे पट्टे, छातीवरच्या आडव्या रेषा, पंखांची टोकं, काही म्हणून सोडलं नाही. आता आमच्या खात्याची एक पद्धत सांगायला हवी. धरणाचा दरवाजा असो की नळाचा वायसर, जी वस्तू काढायची ती आपली चौकट भरून काढायची. दरवाजा लहान करायचा, वायसर मोठा करायचा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रमाण लिहायचं. मी तेच केलं. गरुड त्याच्या प्रमाणात काढला, ससाणा त्याच्या प्रमाणात. दोघांनी आपापल्या चौकटी शिगोशीग भरल्या.

तक्ता नोटीस बोर्डावर लागला. खाली गाड्या लावतात तिथे सभा भरली. मी बोललो, आणि खोटं कशाला सांगू, चांगलं बोललो. गरुड काढून त्याच चौथऱ्यावर ससाणा बसवावा, म्हणजे बिल्डिंगला कबुतरांचा त्रास उरणार नाही, असं मी पटवून दिलं. फौजदार तक्त्याजवळ जाऊन म्हणाले, "हा दुसरा जास्त रुबाबदार आहे. नजर बघा." शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आणि चौथऱ्यावर शोभेलही." वॉर्ड ऑफिसची पाहणी होताच गरुड उतरवायचा आणि तोवर ससाणा तयार ठेवायचा, असा ठराव पोटनियमांनी लिहून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. सासूबाई पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांनी सगळ्यात शेवटी वाजवणं थांबवलं.

सुतारानं माझ्या मापांबरहुकूम लाकडाचा ससाणा घडवला आणि रंग मी स्वतः दिला. रविवारी सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली. पाहणी अजून व्हायची होती, तेव्हा पंखांखालची मंडळी बाहेर डोकावत असतानाच, गरुडाच्या पायाशी चौथऱ्याच्या कडेवर मी ससाणा ठेवला आणि त्याच्यावरचा रुमाल ओढला. सगळे पुढे वाकून बघायला लागले. मला वाटलं, भारावून गेले.

"हा नमुना आहे ना?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. "खरा कधी येणार?"

"हाच खरा आहे," मी म्हणालो.

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "पण तक्त्यात तर दोघं सारखे होते."

"कोपऱ्यात प्रमाण लिहिलं होतं."

"सभेत प्रमाण वाचून दाखवलेलं नाही," पोटनियम म्हणाले. "ठराव रद्द समजावा."

फौजदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. कावळा मात्र हुबेहूब जमलाय," ते म्हणाले. गरुडाच्या डोक्यावर बसलेल्या एका कबुतरानं खाली वाकून माझ्या ससाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. इतक्या उंचीवरून त्याला तो नीट दिसलाही नसेल. मी ससाणा काखेत मारला आणि सगळ्यांच्या देखत जिना उतरलो. आमच्या मजल्यावर पोचलो तेव्हा आत फोन वाजत होता.

"तुम्ही म्हणे चिमणी बसवली," साडूभाऊ म्हणाले, आणि हसले. "पुढच्या रविवारी येतो. त्याच दिवशी डॉक्टर येणार आहेत ना? आईंचं सामान बांधून ठेवा."

बायकोला म्हणालो, "आता हा शेवटचा उपाय." ससाणा सासूबाईंच्या बाल्कनीत लावायचा मी ठरवलं. ऊन कुठून येतं, कबुतरं कुठून येतात, याचा अभ्यास करून मी त्याची जागा आणि तोंडाची दिशा काढली. भोक पाडणार, इतक्यात पोटनियम खालून ओरडले की बाहेरच्या भिंतीला खिळा लावायला मनाई आहे. तेव्हा मी कठड्यावर खडूनं चौकोन आखला आणि ससाणा त्यात नुसता उभा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन बघतो तर चौकोन रिकामा, आणि ससाणा कोरफडीच्या कुंडीत.

"आई, हा कोणी हलवला?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. "तिथे त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं."

मी तो परत चौकोनात ठेवला. पुढच्या दिवशी तो एसीच्या डब्यावर होता. त्याच्या पुढच्या दिवशी माझ्या आरामखुर्चीच्या पाठीवर होता, आणि आरामखुर्ची बाल्कनीत होती. रविवार जवळ येत चालला होता. माझा तोल गेला. "आई, याची जागा मी हिशोबानं काढली आहे," मी म्हणालो. "तुम्ही अशा रोज हलवत राहिलात तर कबुतरं जाणार कशी? की तुम्हालाच जायचंय?"

आवाज चढला होता. सासूबाईंनी ससाणा उचलला, खडूच्या चौकोनात नीट उभा केला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर पलंगाखालची बॅग दाराशी आली होती. बायको माझ्याकडे बघून फक्त मान हलवत होती. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. आता ससाणा माझ्या जागेवर होता, तेव्हा कबुतरं पळतात की नाही हे डोळ्यांनी बघायचं ठरवून पडद्याआड स्टूल टाकून बसलो. सकाळी एक कबुतर आलं, थेट कुंडीकडे निघालं, आणि ससाणा चौकोनात उभा दिसताच हवेतच वळून पळालं. मी खूष. दुपारी ते परत आलं. ससाणा तिथेच. ते समोरच्या तारेवर बसून त्याच्याकडे टक लावून बघत राहिलं. उन्हं कलली तेव्हा ते कठड्यावर उतरलं आणि एकेक पाऊल टाकत ससाण्याच्या इतकं जवळ आलं, की दोघं जुने मित्र वाटावेत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बाल्कनीकडे नीट पाहिलं. कुंड्या स्वच्छ होत्या. एसीचा डबा स्वच्छ होता. ज्या दिवसांत सासूबाई ससाण्याला हिंडवत होत्या, त्या दिवसांत एकही कबुतर इथे टेकलेलं नव्हतं, आणि मी रोज संध्याकाळी आल्याबरोबर फक्त माझा खडूचा चौकोन बघत होतो. गरुड एकाच जागी उभा होता म्हणून कबुतरांनी त्याला ओळखून टाकलं. ससाणा सकाळी इथे आणि दुपारी तिथे, म्हणजे जिवंत. जो जागा बदलतो तो जिवंत आहे, एवढं कबुतराला कळतं. मला कळायला रजा टाकावी लागली.

मी ओल्या फडक्यानं चौकोन पुसून काढला आणि ससाणा घेऊन आत गेलो. सासूबाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होत्या.

"आई, याला आता कुठे ठेवायचा?"

"तुम्ही सांगाल तिथे," त्या खाली बघत म्हणाल्या.

"नाही. तुम्ही सांगाल तिथे."

त्यांनी माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग हातातली घडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "कुंडीमागे ठेवा. नुसतं डोकं दिसू दे."

रविवारी साडूभाऊ त्यांची लांबलचक गाडी घेऊन आले. डॉक्टरही आले. त्यांनी छाती तपासली, पुन्हा एकदा तपासली, आणि मग उठून बाल्कनीचं दार उघडलं. कोरफड होती, वाळत घातलेली माझी बनियन होती, आणि बाकी काही नव्हतं.

"छाती चांगलीच सुधारली आहे," डॉक्टर म्हणाले. "कबुतरं गेली कुठे?"

"वर," मी म्हणालो.

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. गरुडावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमची कबुतरंही आपल्या लोकांत जाऊन सुखानं राहिली होती. चौथऱ्यासमोर वॉर्ड ऑफिसचा माणूस पाहणी करत उभा होता. त्यानं पंखाखाली वाकून बघितलं, अंडी आहेत याची खात्री करून घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "सदर बांधकाम पुतळा नसून कबुतरांच्या निवाऱ्याची सोय आहे. परवानगीची आवश्यकता नाही." पोटनियमांनी त्याचा हात हातात घेतला. डॉक्टर म्हणाले, आजींनी गच्चीवर येऊ नये म्हणजे झालं.

साडूभाऊ आपल्या गरुडाकडे बघत होते. त्यांचा आवाज साध्या माणसाएवढा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. "निदान मासा तरी धुऊन घ्या," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तपशिलावर जीव टाकणाऱ्या माणसाचं दुःख मला कळतं. पण खाली येऊन बसल्यावर त्यांनी पुन्हा तोच विषय काढला. "आई, ते सगळं ठीक. तरी चला तुम्ही. तिकडे जागा ऐसपैस आहे."

सासूबाईंनी ससाणा मांडीवर घेतला होता आणि त्या रुमालानं त्याची चोच पुसत होत्या.

"तुमचा गरुड छान आहे हो," त्या म्हणाल्या. "मोठा आहे, देखणा आहे, लांबून दिसतो. पण त्याला जरा हलवायचं म्हटलं तर अख्खी बिल्डिंग लागते. हा लहान आहे, पण मला झेपतो. मी म्हणेन तिथे बसतो." मग त्यांनी मान वर केली. "आणि तुमच्याकडे सगळं भिंतीत पक्कं केलेलं. मी तिकडे दिवसभर हलवू काय?"

बायको म्हणते, आई पक्ष्याबद्दल बोलत होती. असेल. मी वाद घालत नाही. त्या क्षणी माझी छाती मात्र इतकी फुगली होती, की शर्टाची बटणं मी हातानं धरून ठेवली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमची खुर्ची जरा खिडकीशी घ्या बरं. तिथे उजेड चांगला आहे."

साडूभाऊंच्या देखत मी उठलो, खुर्ची उचलली, खिडकीशी नेऊन ठेवली आणि तिच्यात ऐटीत बसलो. आजवर इतक्या अभिमानानं कोणी खुर्ची हलवली नसेल.

तेव्हापासून ससाणा रोज फिरतो आहे. खुर्ची फिरते, तिवई फिरते, रेडिओ तर परवा न्हाणीघरात वाजत होता. दाराशी आलेली ती बॅग तेवढी त्याच संध्याकाळी कपाटावर गेली आणि अजून तिथेच आहे. घरात एवढी एकच वस्तू आहे जी हलवायचं सासूबाईंना सुचलेलं नाही, आणि मीही कधी आठवण केलेली नाही.